वृद्धापकाळातील शोथ आणि कोलेस्टेरॉल

वृद्धापकाळातील शोथ आणि कोलेस्टेरॉल यांचा परस्परसंबंध हा वार्धक्यशास्त्र, हृदयरोगशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र या शाखांना जोडणारा अभ्यासविषय आहे. शोथ म्हणजे संसर्ग, इजा किंवा अन्य उपद्रवाला शरीराने दिलेला दाहयुक्त प्रतिसाद होय. कोलेस्टेरॉल हा शरीरातील प्रत्येक पेशीला आवश्यक असलेला मेणासारखा मेदपदार्थ आहे. मध्यम वयात रक्तातील कोलेस्टेरॉल वाढणे हे हृदयविकाराच्या धोक्याचे चिन्ह मानले जाते. उतारवयात मात्र हा हिशेब इतका सरळ राहत नाही. दीर्घकाळ चालणारा शोथ रक्तातील कोलेस्टेरॉलची पातळी खाली आणतो. त्यामुळे अहवालातील कमी आकडा उत्तम प्रकृतीचा निदर्शक असू शकतो, तसाच तो लपलेल्या आजाराचाही असू शकतो. दुसरीकडे, रोहिण्यांच्या भिंतीत साठलेले कोलेस्टेरॉल स्वतःच तेथे शोथ निर्माण करते. या दुहेरी संबंधामुळे वृद्ध व्यक्तीच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याचा अर्थ शोथ, पोषण आणि एकंदर प्रकृती लक्षात घेऊनच लावावा लागतो.

संज्ञा

शोथाचे तीव्र आणि चिरकारी असे दोन प्रकार मानले जातात. तीव्र शोथ थोडे दिवस टिकतो. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही त्याची चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने नोंदवली होती. चिरकारी शोथ महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे चालू राहतो. वृद्धांमध्ये आढळणारा चिरकारी शोथ बहुधा मंद स्वरूपाचा असतो. त्यात बाहेरून काहीही दिसत नाही, दुखतही नाही. केवळ रक्ततपासणीत त्याची चाहूल लागते.

शोथ चालू असताना पांढऱ्या पेशी व अन्य ऊती काही संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यांतील प्रमुख होत. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन तयार करू लागते. संक्षेपाने सीआरपी या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन शोथाचे सर्वाधिक वापरले जाणारे मापक आहे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते रक्तातून वाहून नेण्यासाठी मेद आणि प्रथिने यांचे सूक्ष्म कण बनतात. त्यांना मेदप्रथिने म्हणतात. कमी घनतेचे मेदप्रथिन, म्हणजेच एलडीएल, कोलेस्टेरॉल ऊतींकडे नेते. जास्त घनतेचे मेदप्रथिन, म्हणजेच एचडीएल, ऊतींमधील अतिरिक्त कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणते. पेशींचे आवरण, पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि अनेक संप्रेरके यांच्या निर्मितीसाठी कोलेस्टेरॉल लागते. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, तर शरीरातच तयार होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रोहिण्यांच्या भिंती जाड व कठीण होण्याच्या विकारामागे शोथ आहे की मेदाचा साठा, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी या विकाराला शोथाचे स्वरूप असल्याचे मत मांडले. व्हिएन्ना येथील कार्ल फॉन रोकितान्स्की यांच्या मते रक्तातील पदार्थांचा थर भिंतीवर बसणे ही मूळ घटना होती आणि शोथ ही नंतरची. १९१० मध्ये अडॉल्फ विंडाउस यांनी विकृत महारोहिणीच्या भिंतीत निरोगी भिंतीच्या तुलनेत कितीतरी पट अधिक कोलेस्टेरॉल असल्याचे दाखवले. १९१३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत तसाच विकार निर्माण केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलेस्टेरॉलविषयीचे संशोधन वेगाने पुढे गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीतून कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध स्पष्ट झाला. एलडीएल पेशीत ओढून घेणाऱ्या ग्राहीचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

शोथाची बाजू स्वतंत्रपणे उलगडत होती. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी आढळले. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी वरकरणी निरोगी पुरुषांतही सीआरपीची पातळी भावी हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांची पूर्वसूचना देते असे दाखवले. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी रोहिण्यांचा हा विकार मुळात शोथजन्य असल्याची सविस्तर मांडणी केली. २००० मध्ये इटलीतील क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी वार्धक्याबरोबर वाढणाऱ्या मंद शोथाला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. मराठीत त्याला वार्धक्यशोथ म्हणता येईल.

वयानुसार होणारे बदल

तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत रक्तातील एलडीएल हळूहळू वाढत जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने स्त्रियांमध्ये ही वाढ ठळक होते. साधारणपणे साठीनंतर ही चढण थांबते आणि पुढे सरासरी पातळी उतरू लागते. या उतारामागे अनेक कारणे असतात. आहार कमी होणे, वजन व स्नायू घटणे, यकृताची कोलेस्टेरॉलनिर्मिती मंदावणे आणि दीर्घकालीन आजार ही त्यांतील महत्त्वाची होत. याखेरीज, कोलेस्टेरॉल फार जास्त असलेल्या काही व्यक्ती वृद्धापकाळ गाठण्यापूर्वीच मृत्यू पावतात. त्यामुळे उरलेल्या गटाची सरासरी आपोआप खाली येते.

शोथाचे मापक मात्र वयाबरोबर वाढत जातात. त्याची पुढील कारणे सांगितली जातात :

• विभाजन थांबलेल्या जराग्रस्त पेशी ऊतींमध्ये साठतात आणि शोथकारक प्रथिने स्रवत राहतात.
• पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी इंटरल्यूकिन-६ सारखी प्रथिने तयार करते.
• आतड्याचे अस्तर दुबळे झाल्याने जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात.
• हिरड्यांचे जुने आजार, फुप्फुसांचे विकार आणि शरीरात सुप्त राहणारे विषाणू रोगप्रतिकार यंत्रणेला सतत जागे ठेवतात.
• अस्थिमज्जेतील मूळ पेशींमध्ये जनुकीय बदल होऊन बदललेल्या पांढऱ्या पेशींची एक शाखा वाढते. सत्तरीपुढील व्यक्तींपैकी दहा टक्क्यांहून अधिक जणांत असा बदल आढळतो. त्यांच्यात हृदयविकाराचा धोका लक्षणीयरीत्या जास्त असतो.

परस्परसंबंधाची यंत्रणा

शोथाचा कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम

संसर्ग, शस्त्रक्रिया किंवा मोठी इजा झाल्यावर शरीराची रासायनिक घडी काही काळ बदलते. या बदलात एलडीएल आणि एचडीएल या दोन्हींतील कोलेस्टेरॉल घटते, तर ट्रायग्लिसराइड बहुधा वाढते. इंटरल्यूकिन-६ सारखी प्रथिने यकृताला मेदप्रथिनांची हाताळणी बदलण्यास भाग पाडतात, हे यामागील एक कारण आहे. या बदलाचा काही उपयोगही असतो. मेदप्रथिनांचे कण जिवाणूंच्या विषारी अंशांना चिकटून त्यांची तीव्रता कमी करतात. तीव्र जंतुदोषाच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल फार खाली जाणे हे गंभीर लक्षण मानले जाते. तीव्र कोविड-१९ च्या रुग्णांतही एलडीएल व एचडीएल घटल्याचे दिसून आले.

शोथामुळे एचडीएलचे केवळ प्रमाणच नव्हे, तर गुणधर्मही बदलतात. एचडीएलच्या कणावरील मुख्य प्रथिनाची जागा सीरम अमायलॉइड ए हे शोथकालीन प्रथिन घेते. अशा कणाची ऊतींमधून कोलेस्टेरॉल काढून आणण्याची क्षमता घटते. अहवालातील एचडीएलचा आकडा ही घट दाखवत नाही.

रुमॅटॉइड संधिवातात हा परिणाम विशेष स्पष्टपणे दिसतो. या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. आजार जोरात असताना रुग्णाचे एलडीएल कमी असते, तरीही त्याला हृदयविकाराचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. इंटरल्यूकिन-६ चे कार्य रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर सांध्यांची सूज उतरते आणि त्याच वेळी कोलेस्टेरॉल वर जाते. शोथ हटल्यामुळे दबलेली पातळी वर येते, असा याचा अर्थ लावला जातो.

कोलेस्टेरॉलचा शोथावर होणारा परिणाम

रक्तात एलडीएल जास्त असेल तर त्याचे कण रोहिणीच्या अस्तराखाली शिरून तेथे अडकतात. त्यांच्यात रासायनिक बदल झाले की त्यांना गिळण्यासाठी महाभक्षी पेशी जमा होतात. मेदाने गच्च भरलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. अशा पेशी, मृत ऊती आणि तंतू यांचा मिळून जो थर तयार होतो त्याला प्लाक म्हणतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, या थरातील कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक पेशींमधील एनएलआरपी-३ नावाची शोथयंत्रणा सुरू करतात. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा, पुढे इंटरल्यूकिन-६ आणि शेवटी यकृतातून सीआरपी अशी साखळी तयार होते.

शोथ वाढला की थरावरील तंतुमय आवरण पातळ होते. ते फाटल्यास त्या ठिकाणी रक्ताची गुठळी बनते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. म्हणजे थराचा कच्चा माल कोलेस्टेरॉल पुरवते, तर तो केव्हा फुटेल यावर शोथाचा मोठा प्रभाव असतो.

वृद्धांमधील ‘उलटा’ संबंध

अतिवृद्ध व्यक्तींच्या काही पाहण्यांत कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांचे मृत्युप्रमाण अधिक आढळले. नेदरलँड्समधील लायडेन शहरात ८५ वर्षे व त्यापुढील ७२४ व्यक्तींचा दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉलमधील प्रत्येक १ मिलिमोल प्रतिलिटर, म्हणजे सुमारे ३९ मि.ग्रॅ. प्रतिडेसिलिटर वाढीमागे मृत्यूचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. ही घट मुख्यतः कर्करोग आणि संसर्गाने होणाऱ्या मृत्यूंमधील होती. २००१ मध्ये होनोलुलूच्या पाहणीतून ७१ ते ९३ वर्षे वयाच्या ३,५७२ जपानी-अमेरिकन पुरुषांविषयी असेच निष्कर्ष समोर आले. वीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन्ही तपासण्यांत ज्यांचे कोलेस्टेरॉल कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका विशेष आढळला. त्यामुळे केवळ अलीकडच्या आजाराने या संबंधाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही, असे त्या संशोधकांचे मत होते.

या निष्कर्षांचा ‘म्हातारपणी कोलेस्टेरॉल जास्त असणे चांगले’ असा अर्थ काही वेळा काढला जातो. बहुसंख्य तज्ज्ञ मात्र यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल पाहतात. कर्करोग, चिरकारी संसर्ग, कुपोषण किंवा दुर्बलता यांमुळे शोथ वाढतो आणि कोलेस्टेरॉल घटते; पुढे मृत्यू ओढवतो तो मूळ आजाराने. कमी कोलेस्टेरॉल हे येथे कारण नसून खूण असते.

या स्पष्टीकरणाला बळ देणारा एक अभ्यास अमेरिकेत ६५ वर्षांवरील ४,०६६ व्यक्तींवर झाला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक आकडेवारीत कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे नाते उलटे दिसत होते. दुर्बलतेचे निदर्शक असलेले रक्तातील लोह व अल्ब्युमिन आणि इतर जोखीम घटक विचारात घेतल्यावर, तसेच पहिल्या वर्षातील हृदयविकाराचे मृत्यू वगळल्यावर नेहमीचाच संबंध पुन्हा दिसू लागला : कोलेस्टेरॉल जितके जास्त, तितका धोका अधिक. २०२० मध्ये कोपनहेगन येथील ९१,१३१ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष आले. या व्यक्तींना सुरुवातीला रोहिण्यांचा विकार किंवा मधुमेह नव्हता आणि त्या स्टॅटिन घेत नव्हत्या. वाढलेल्या एलडीएलमुळे हृदयविकाराच्या झटक्याचा सर्वाधिक प्रत्यक्ष धोका ७० ते १०० वर्षे वयोगटातच आढळला.

वरील दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. उतारवयातही जास्त एलडीएल रोहिण्यांना अपायकारकच असते. परंतु आपोआप घटलेले कोलेस्टेरॉल ही दिलासा देणारी बाब असतेच असे नाही.

तपासणी आणि अहवालाचा अर्थ

कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये दिले जाते. मंद शोथ मोजण्यासाठी अतिसंवेदनशील सीआरपी चाचणी वापरतात. तिचे प्रमाण मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तेथील रोगनियंत्रण केंद्र यांनी २००३ मध्ये सुचवलेली वर्गवारी पुढीलप्रमाणे आहे :

• १ पेक्षा कमी : हृदयविकाराचा कमी धोका
• १ ते ३ : मध्यम धोका
• ३ पेक्षा जास्त : अधिक धोका

सीआरपी १० च्या वर असल्यास चालू संसर्ग, संधिवात किंवा अन्य आजाराचा शोध घ्यावा लागतो आणि तो शमल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते. साध्या सर्दी-तापानेही हा आकडा काही दिवस वाढलेला राहतो. त्यामुळे एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढले जात नाहीत.

वृद्ध व्यक्तींच्या बाबतीत अहवाल पाहताना काही गोष्टी विशेष लक्षात घेतल्या जातात. गंभीर संसर्ग, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांनंतर काही आठवडे कोलेस्टेरॉल नेहमीपेक्षा कमी दिसते. झटका आल्यानंतर मूळ पातळी कळण्यासाठी पहिल्या चोवीस तासांतील नमुना अधिक विश्वसनीय मानला जातो. आहार किंवा औषधांत बदल नसताना कोलेस्टेरॉल लक्षणीयरीत्या घटले आणि सोबत वजन व अल्ब्युमिन कमी होऊन सीआरपी वाढले, तर ती सुधारणा न मानता तिच्या कारणाचा शोध घेणे उचित ठरते. कर्करोग, क्षयरोग, थायरॉइडचा अतिस्राव, यकृताचे विकार आणि अपुरे पोषण या शक्यता अशा वेळी तपासल्या जातात.

उपचार

स्टॅटिन

स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखतात. त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. या औषधांनी सीआरपीही घटते. ७० ते ८२ वर्षे वयाच्या ५,८०४ व्यक्तींवर स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्स येथे झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्राव्हास्टॅटिनमुळे हृदयविकाराने मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. स्मरणशक्ती व आकलनावर चांगला किंवा वाईट परिणाम दिसला नाही.

२००८ च्या ‘जुपिटर’ चाचणीत १७,८०२ व्यक्तींचा समावेश होता. त्यांचे एलडीएल १३० पेक्षा कमी, परंतु सीआरपी २ किंवा अधिक होते. रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या प्रमुख दुर्घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. या चाचणीतील ७० वर्षे व त्यापुढील ५,६९५ व्यक्तींत ही घट ३९ टक्के होती. या चाचणीत औषधाने एलडीएल आणि सीआरपी ही दोन्ही कमी झाली. त्यामुळे लाभाचे श्रेय नेमके कोणाला, हा प्रश्न तिने सुटला नाही.

२०१९ मध्ये २८ चाचण्यांतील १,८६,८५४ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी केवळ ८ टक्के व्यक्ती ७५ वर्षांवरील होत्या. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना या वयातही स्टॅटिनचा लाभ होतो असे दिसले. असा आजार नसलेल्या ७५ वर्षांवरील व्यक्तींविषयीचा पुरावा मात्र तुलनेने अपुरा होता. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑस्ट्रेलियात ७० वर्षे व त्यापुढील व्यक्तींवर ‘स्टारी’, तर अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींवर ‘प्रिव्हेंटेबल’ या चाचण्या हाती घेण्यात आल्या.

शोथरोधक औषधे

कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ शोथ कमी केल्यास हृदयविकार टळतो काय, या प्रश्नाचे उत्तर २०१७ मध्ये ‘कॅन्टॉस’ चाचणीने दिले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांचा तीत समावेश होता. इंटरल्यूकिन-१ बीटा निष्प्रभ करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मि.ग्रॅ. मात्रेने पुढील दुर्घटना १५ टक्क्यांनी घटल्या. एलडीएलमध्ये काहीही फरक पडला नव्हता. रोहिण्यांच्या विकारात शोथ हा प्रत्यक्ष सहभागी आहे, याचा हा भक्कम पुरावा ठरला. मात्र औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग अधिक झाले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयविकारासाठी या औषधाला मान्यता मिळाली नाही. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या शोथरोधक औषधाच्या अल्प मात्रेचा २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत उपयोग दिसला नाही. कोणताही शोथ कोणत्याही औषधाने दाबून भागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

गाउटवर पूर्वापार वापरले जाणारे कोल्चिसिन हे स्वस्त औषध त्यानंतर पुढे आले. २०१९ च्या ‘कोलकॉट’ आणि २०२० च्या ‘लोडोको-२’ या चाचण्यांत दररोज ०.५ मि.ग्रॅ. कोल्चिसिनने हृदयविकाराच्या रुग्णांतील दुर्घटना घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपयोगासाठी त्याला मान्यता दिली. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांवरील ‘क्लिअर सिनर्जी’ चाचणीत मात्र झटक्यानंतर दिलेल्या कोल्चिसिनचा लाभ आढळला नाही. वृद्धांमध्ये मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असते आणि अनेक औषधे एकत्र चालू असतात. त्यामुळे या औषधाची विषबाधा होण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावी या वेलीच्या कंदात व बियांतही कोल्चिसिन असते. ही वनस्पती अत्यंत विषारी असून तिचे सेवन प्राणघातक ठरू शकते.

आहार आणि जीवनशैली

स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीत ५५ ते ८० वर्षे वयाच्या ७,४४७ व्यक्ती होत्या. ऑलिव्ह तेल किंवा कवचफळे यांची जोड दिलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. नियमित चालणे, तंबाखू सोडणे, पोटाचा घेर आटोक्यात ठेवणे आणि हिरड्यांवर उपचार करणे यांमुळे शोथाचे मापक खाली येतात. अतिवृद्ध किंवा कृश व्यक्तींवर मात्र कोलेस्टेरॉलच्या धास्तीने तूप, दूध, अंडी यांचे कडक पथ्य लादल्यास प्रथिने व उष्मांक अपुरे पडतात आणि स्नायूंची झीज वाढते. अशा व्यक्तींमध्ये पुरेशा पोषणाला प्राधान्य दिले जाते.

भारतातील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, २० वर्षांवरील सुमारे २४ टक्के व्यक्तींचे एकूण कोलेस्टेरॉल जास्त आहे. भारतीयांमध्ये एचडीएल कमी व ट्रायग्लिसराइड जास्त असण्याचे प्रमाण मोठे आहे. पोटावर चरबी साठण्याची प्रवृत्तीही येथे अधिक दिसते. २०२४ मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने रक्तातील मेदविकारांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार प्राथमिक तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त देण्याची गरज नाही.

चिरकारी शोथाची काही कारणे भारतात विशेष व्यापक आहेत. क्षयरोग, चुलीचा धूर आणि तंबाखूचे सेवन ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दातांना मिश्री लावण्याची सवय आढळते. भाजलेल्या तंबाखूपासून केलेली मिश्री हिरड्यांना अपाय करते. त्यामुळे येथील वृद्ध व्यक्तीचे कोलेस्टेरॉल कमी आढळल्यास ते संतुलित आहाराचे फळ आहे, की अपुरे अन्न व जुना संसर्ग यांचा परिणाम, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

संशोधनाची सद्यःस्थिती

२०२३ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांच्या विश्लेषणात पुढील दुर्घटना व मृत्यू यांचा अंदाज एलडीएलपेक्षा सीआरपीवरून अधिक चांगला बांधता आला. २०२४ मध्ये अमेरिकेतील २७,९३९ स्त्रियांच्या पाठपुराव्यातून असे दिसले की, सरासरी पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास एकदाच मोजलेले सीआरपी, एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए पुढील तीस वर्षांतील धोका सूचित करतात. म्हणजे वृद्धापकाळातील आजाराची पायाभरणी बरीच आधी झालेली असते.

सीआरपी हे स्वतः रोहिण्यांना अपाय करीत नाही, ते केवळ शोथाचे मापक आहे, असे आनुवंशिक अभ्यासांवरून दिसते. त्यामुळे सीआरपी कमी करणे हे उपचाराचे उद्दिष्ट नसून त्यामागील शोथ शमवणे हे उद्दिष्ट मानले जाते. संसर्गाशी लढण्याची क्षमता न घटवता वृद्धांमधील घातक शोथ तेवढा कसा कमी करावा, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे. इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या त्याच दिशेने हाती घेण्यात आल्या आहेत.